सेफ्टी पिनेवरचा पक्षी

२००० सालची गोष्ट. डेल्फीन हिरासुना या अमेरिकन लेखिकेची आई वारली. आईमागे राहिलेलं सामान आवरताना गॅरेजमधल्या एका धुळकट लाकडी पेटीत त्यांना एक चिमुकला लाकडी पक्षी सापडला. पक्ष्याच्या पाठीमागे एक साधी सेफ्टी पिन होती. म्हणजे कपड्याला लावायचा तो ब्रोच होता. हिरासुनाबाई जपानी वंशाच्या. त्या सेफ्टी पिनेवरून त्यांनी ओळखलं, की हा पक्षी दुकानातला नाही, छावणीतला आहे. आईवडिलांनी ज्या छावणीबद्दल घरात फारसा शब्द काढला नव्हता, ती छावणी. मग त्यांनी इतरांच्या घरच्या पेट्या उघडून पाहायला सुरुवात केली, आणि २००५ साली त्यातून एक पुस्तक उभं राहिलं.

रेडिओवरून वस्तू दाखवता येत नाही, तेव्हा शब्दांनीच दाखवतो. हे पक्षी फार तर अंगठ्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे. कुणी फांदीवर बसलेला, कुणी पंख पसरलेला. लाल तुऱ्याचा कार्डिनल, निळा जे, हिरव्या डोक्याचं रानबदक. रंग इतका नेमका, की पिसांची एकेक कड दिसावी. पाय मात्र तारेचे. आणि उलटून पाहिलं, की पॉलिश न केलेलं लाकूड आणि ती पिन. अमेरिकेत लाकडाचे पक्षी कोरण्याचा छंद जुना आहे. शिकारीला आमिष म्हणून पाण्यावर सोडायची लाकडी बदकं तिथले लोक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत आणि त्यांची संग्रहालयंही आहेत. पण मला सांगायचं आहे ते या पिनेवरच्या पक्ष्यांबद्दल, कारण ते ज्यांनी केले त्यांना हा छंद हौसेने लागलेला नव्हता.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्या आदेशात जपानी हा शब्दही नाही. लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्याला हलवता येईल, एवढंच त्यात आहे. सरकारी कागद असेच असतात, कुणाच्या मानेवर सुरी फिरणार ते त्यात लिहिलेलं नसतं. पश्चिम किनाऱ्यावरून हलवले गेले ते जपानी वंशाचे सुमारे १ लाख २० हजार लोक, आणि त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्याने पक्के अमेरिकन नागरिक होते.

उरलेले एक तृतीयांश म्हणजे त्यांचे आईबाप. ते जपानमधून आलेले. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथे राहिले तरी नागरिक होऊ शकत नव्हते, कारण नागरिकत्व मागण्याची सोय कायद्याने गोऱ्यांना होती, आफ्रिकी वंशाच्यांना होती, आशियातल्यांना नव्हती. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली फेटाळला. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी माणसालाही तेच सांगितलं. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. भारतीयांना ते दार १९४६ साली उघडलं, जपान्यांना १९५२ साली. म्हणजे ज्यांना नागरिक होऊच दिलं नाही, त्यांच्यावर मग आरोप काय, तर तुम्ही परके आहात.

यात एक गंमत आहे, कडू गंमत. हवाई बेटांवर तर प्रत्यक्ष बाँब पडले होते, आणि तिथल्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. तिथे मात्र सरसकट उचलबांगडी झाली नाही. कारण साधं होतं. एवढी माणसं बंद केली असती तर बेटांवरची कामं कुणी केली असती? धोका खरोखर वंशात असता, तर तो तिथे सर्वांत मोठा असायला हवा होता.

हातात मावेल तेवढंच सामान न्यायची परवानगी होती. घरं, शेतं, बोटी, दुकानं मिळेल त्या भावाला फुंकून किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून लोक निघाले. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर तात्पुरती सोय झाली. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिटा रेसकोर्सवर तर कित्येक कुटुंबं तबेल्यांत राहिली. मग दहा कायमच्या छावण्या. बहुतेक वाळवंटात नाहीतर दलदलीत, म्हणजे जिथे आपणहून कुणी राहायला जाणार नाही अशा जागी. सरकारी नाव 'रिलोकेशन सेंटर'. मराठीत आपण पुनर्वसन केंद्र म्हणू. पुनर्वसन या शब्दात काय काय बसवता येतं, ते आपल्याकडच्या धरणग्रस्तांना वेगळं सांगायला नको.

त्यांतली एक छावणी अ‍ॅरिझोना राज्यातल्या पोस्टनची. ती उभारली कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासी जमातींच्या राखीव जमिनीवर. जमातीच्या पंचायतीने विरोध केला होता. आमच्यावर जो अन्याय झाला तो दुसऱ्यांवर करायला आमची जमीन वापरू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. डांबरी कागद ठोकलेल्या फळ्यांच्या लांबच लांब बराकी, एका बराकीचे चार-पाच भाग, एका भागात एक कुटुंब. फळ्या ओल्या लाकडाच्या होत्या. उन्हाने त्या आकसल्या आणि फटी पडल्या. त्या फटींतून वाळू थेट अंथरुणात. पोस्टन एकाची नव्हे तर तीन छावण्या मिळून झाली होती, आणि रहिवाशांनी त्या तिघींना रोस्टन, टोस्टन आणि डस्टिन अशी नावं पाडली. भाजणारी, होरपळवणारी आणि धुरळ्याची. सर्वांत जास्त गर्दीच्या काळात तिथे १७ हजारांवर माणसं होती.

आता या माणसांचा दिवस कसा जायचा ते बघा. जेवण सामुदायिक भटारखान्यात, अंघोळ सामुदायिक न्हाणीघरात. छावणीतच काही कामं होती. त्यांचा पगार महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर. डॉक्टरलाही १९च. तरुणांना ही कामं मिळाली, मुलांना शाळा होती. राहिले ते म्हातारे. भाजीचे मळे पिकवणारे, मासेमारी करणारे, कपडे धुण्याचं दुकान चालवणारे. आयुष्यभर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबलेली ही माणसं. बायकांची तर आणखी वेगळी तऱ्हा. त्यांनी शेतात राबून वर घरचा स्वयंपाक केलेला. छावणीत चूलच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे झाले.

आपल्याकडे म्हणतात, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. या म्हणीत रिकामपणाची थट्टा आहे. पण रिकामपण लादलेलं असतं तेव्हा ते किती जड असतं, हे ज्याची गिरणी बंद पडली त्या गिरणगावातल्या माणसाला ठाऊक आहे. शिवाय इथे ते रिकामपण किती दिवसांचं, हेही कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा लोकांनी वर्ग काढले. शिकवणारे छावणीतलेच, शिकणारेही तिथलेच. फुलांची रचना, सुलेखन, भरतकाम, कविता, लाकूडकाम. त्यांत एक पक्षी कोरण्याचा वर्ग.

छंद या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक हौसेचा, आणि दुसरा आम्हा कवींचा, म्हणजे ओवी, अभंग, अक्षरांची मोजणी. कवितेतला छंद म्हणजे एक चौकटच असते, पण ती कवी स्वतःहून पत्करतो. म्हणून त्या चौकटीत त्याला मोकळं वाटतं. छावणीतली चौकट कुणी पत्करलेली नव्हती. तिच्या आत या लोकांनी दुसरी, स्वतःची चौकट आखली. तीन इंच लांबीच्या लाकडाच्या तुकड्याची. ती त्यांची होती. त्यात पहारेकऱ्याला शिरता येत नव्हतं.

लाकूड आणायचं कुठून? फळांची, भाजीची खोकी भटारखान्यात येत. ती फोडून फळ्या मिळत. बराकी बांधून उरलेले तुकडे पडलेले असत. अ‍ॅरिझोनात मेस्कीट आणि आयर्नवूड ही वाळवंटातली झाडं होती. पण त्यांचं लाकूड लोखंडासारखं कठीण, ते मोठ्या, गुळगुळीत वस्तूंसाठी चांगलं. पक्ष्याला हवं मऊ लाकूड, म्हणून खोकीच बरी. आणि हत्यारं? सुरे, चाकू सुरुवातीला जवळ बाळगायची बंदी. मग जेवणाच्या टेबलावरच्या बोथट सुऱ्या दगडावर घासून धारदार केल्या. जुन्या कानशी, भंगारातले लोखंडाचे तुकडे तापवून, ठोकून पटाशा झाल्या. पुढे नियम सैल झाले. मोठ्या दुकानांच्या कॅटलॉगमधून टपालाने वस्तू मागवता येऊ लागल्या. रंग, ब्रश, वार्निश, सेफ्टी पिना अशा आल्या.

चित्रं मिळाली ती नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुन्या अंकांतून आणि पक्ष्यांच्या रंगीत कार्डांवरून. चित्र पातळ कागदावर गिरवायचं, ते फळीच्या तुकड्यावर उतरवायचं, बारीक करवतीने कड कापायची आणि मग सुरीने अंग भरायचं. चोच आणि शेपटी सर्वांत अवघड. लाकडाच्या रेषा कुठून कुठे जातात ते पाहून कापलं नाही, तर दोन दिवसांचं काम एका क्षणात तुटतं. मग घासायचं. आधी खरखरीत कागदाने, नंतर मऊ. पक्षी हाताला गार, गुळगुळीत लागेपर्यंत. त्यावर रंगाचे हात, एक वाळल्यावर दुसरा. शेवटी डोळा. तो एक थेंब चुकला, की पक्षी बावळट दिसतो.

आणि पाय. हे मला सर्वांत जास्त आवडतं. बराकींच्या खिडक्यांना किडामुंगी येऊ नये म्हणून तारेची जाळी ठोकलेली होती. जाळीच्या कडेला तारांची टोकं उरतात. ती टोकं छाटून, वाकवून पक्ष्याचे पाय केले. एवढ्या बारीक तारेला तीन बोटं पुढे आणि एक मागे. खिडकीची जाळी हळूहळू कडेने बोडकी होत गेली असेल आणि कुणा साहेबाच्या ते लक्षातही आलं नसेल.

आता पक्षीच का, असा प्रश्न कुणालाही पडेल. कवी म्हणून माझ्याकडून लोकांची अपेक्षा असते, की मी लगेच पिंजरा, आकाश, पंख वगैरे म्हणावं. काटेरी कुंपणातल्या माणसाने उडणारा पक्षी कोरला, ही उपमा इतकी हाताशी आहे, की तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. पक्षी लहान असतो, थोड्या लाकडात होतो. त्याची रंगीत चित्रं सहज मिळत होती. तो रंगवताना खूप वेळ जातो, आणि वेळ हीच तिथे मुबलक गोष्ट होती. झाल्यावर तो मैत्रिणीला देता येतो, मुलांच्या शिक्षिकेला देता येतो. मला ही कारणं पुरेशी वाटतात. आणि वाळवंटाच्या तपकिरी धुळीत निळ्या-तांबड्या रंगाचं काहीतरी कोटावर लावून भटारखान्याच्या रांगेत उभं राहणं, यासाठी आणखी कारण तरी कशाला हवं? उपमा आपण बाहेर बसून देतो. आत बसलेला माणूस चोच नीट उतरते का ते बघत असतो.

छावणीच्या बाहेरही काही माणसं होती, त्यांतल्या एकीचा उल्लेख करायलाच हवा. सॅन डिएगो शहराच्या सार्वजनिक वाचनालयात क्लारा ब्रीड नावाच्या बाई मुलांचा विभाग सांभाळत. एप्रिल १९४२ मध्ये त्यांच्या वाचनालयात येणारी जपानी मुलं गाडीत बसून निघाली, तेव्हा या बाई स्टेशनवर गेल्या आणि तिकीट लावलेली, स्वतःचा पत्ता लिहिलेली कार्डं मुलांच्या हातात देऊन आल्या. लिहा, एवढंच सांगितलं. मुलांनी लिहिलं. सांता अनिटाहून लिहिलं, मग पोस्टनहून लिहिलं. बाई पुस्तकं पाठवत राहिल्या, साबण, धागे, हस्तकलेचं सामान पाठवत राहिल्या. मुलांची अडीचशेहून जास्त पत्रं त्यांनी जपून ठेवली. १९४३ साली त्यांनी बालसाहित्याच्या एका मासिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा होतो, चुकीच्या पूर्वजांचे अमेरिकन.

या शीर्षकाशी मी बराच वेळ थांबलो. मी मराठीत कविता लिहितो. आमच्या घरात बोलणं मराठी, भांडण मराठी. तरी कविसंमेलनात सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना अगदी प्रेमाने म्हणतो, मुसलमान असूनही किती सुंदर मराठी! टाळ्या पडतात. त्याच्या मनात काही वाईट नसतं, मलाही त्याचा राग येत नाही. पण 'असूनही' हा शब्द माझ्याबरोबर घरी येतो.

त्या छावण्यांमध्ये हा 'असूनही' १९४३ साली छापील रूपात आला. सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली गेली. २७ क्रमांकाचा प्रश्न तरुणांना विचारत होता, अमेरिकेच्या सैन्यात जाल का? २८ क्रमांकाचा विचारत होता, अमेरिकेशी संपूर्ण निष्ठेची शपथ घ्याल का आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का? जो अमेरिकेत जन्मला त्याने विचारलं, जी निष्ठा कधी नव्हतीच ती सोडायची कशी? 'हो' म्हटलं तर आधी होती असं कबूल केल्यासारखं. त्याच्या बापाची अडचण वेगळी. अमेरिका त्याला नागरिक करून घेत नव्हती, जपानही सोडला तर तो कुणाचाच राहत नव्हता. ज्यांची उत्तरं सरकारला पसंत पडली नाहीत, त्यांची रवानगी टूली लेकच्या जास्त कडक छावणीत झाली. एकेका कुटुंबात बापाचं उत्तर एक, मुलाचं दुसरं. कुणाचा मुलगा सैन्यात गेला, आणि त्याची आई काटेरी तारेच्या आत राहिली.

जपानी भाषेत 'गामान' असा शब्द आहे. जे सोसवत नाही ते धीराने आणि मान राखून सोसणं. हिरासुनाबाईंनी आपल्या पुस्तकाच्या नावात हाच शब्द वापरला. आमच्याकडे सब्र म्हणतात. तो अरबीतून फारसी-उर्दूत आला, मराठीत सबुरी झाला आणि शिर्डीच्या फकिराच्या तोंडी घरोघर पोचला. मात्र सबुरीचं कौतुक करताना मला थोडी धास्ती वाटते. सोसणाऱ्याचं कौतुक करणं सोसायला लावणाऱ्याला फार सोयीचं असतं. किती सुंदर पक्षी केले बघा, म्हणजे छावणी तितकीशी वाईट नसेल, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून त्याच बराकींतली दुसरी माणसंही आठवायला हवीत. फ्रेड कोरेमात्सू, गॉर्डन हिराबायाशी, मिनोरू यासुई हे तिघे आदेश मोडून कोर्टात उभे राहिले आणि हरले. हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी सांगितलं, आधी आमचे हक्क परत द्या, मग सैन्यात येतो. ते १९४४ मध्ये तुरुंगात गेले. आणि मित्सुये एंडो. सॅक्रॅमेंटोतल्या सरकारी कचेरीत कारकून असलेली ही तरुणी. तिचा खटला वर जाऊ लागला तेव्हा सरकारने तिला सुटकेचा मार्ग देऊ केला. तिने तो नाकारला, कारण ती सुटली असती तर खटला निकालात निघाला असता. ती छावणीतच राहिली. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, की निष्ठावान नागरिकाला असं डांबून ठेवता येत नाही. त्यानंतर छावण्या उठायला लागल्या. तिचं बराकीत थांबून राहणं हेही सब्रच होतं, असं मला वाटतं.

छावण्या उठत असतानाच, १९४५ साली, अ‍ॅलन ईटन नावाचे एक वयस्क गृहस्थ तिथे पोचले. ग्रामीण हस्तकलांचे हे जाणकार. त्यांनी स्वतः पाच छावण्या पाहिल्या, बाकीच्या ठिकाणी माणसं पाठवली. या ईटन यांचाही एक पूर्वेतिहास आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ते एका शांततावादी सभेला गेले, त्यावरून त्यांच्यावर देशद्रोहीपणाचा शिक्का बसला आणि ओरेगन विद्यापीठातली जागा गेली. निष्ठेच्या नावाने माणसाचं काय करता येतं, ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. छावणीतल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवावं म्हणून त्यांनी त्या विकत मागितल्या. लोकांनी पैसे घेतले नाहीत, वस्तू भेट दिल्या. आमच्यावर काय गुदरलं ते लोकांना दाखवा, या भरवशावर. ईटन यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. त्याला प्रस्तावना एलिनोर रूझवेल्ट यांची, म्हणजे ज्यांनी तो आदेश काढला त्यांच्याच पत्नीची.

बाहेर पडताना माणशी २५ डॉलर आणि गाडीचं तिकीट मिळालं. टूली लेकची शेवटची छावणी मार्च १९४६ मध्ये बंद झाली. परत गेलेल्यांना कुठे घर जागेवर नव्हतं, कुठे घर होतं पण दारावर शिव्या लिहिलेल्या. म्हाताऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून राबायला सुरुवात केली आणि पक्षी पेटीत गेले. मुलांना काही सांगितलं नाही. लाज वाटण्यासारखं त्यांनी काहीच केलं नव्हतं, तरी लाज त्यांच्याच वाट्याला आली. अपमान झालेल्या माणसाचं असं का होतं, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

पुढे त्यांच्या मुलानातवंडांनी चळवळ केली. सरकारने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की या सगळ्याला लष्करी गरज हे कारण नव्हतं. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश ही कारणं होती. १९८८ साली अध्यक्ष रेगन यांनी माफीच्या कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर. पण वाळवंटात बसून पक्षी कोरणाऱ्या पिढीतले बहुतेक लोक तोवर गेलेले होते.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून आपण कानावर घ्यावं आणि रेडिओ बंद करावा, असं करता येत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आपणही उचललं आणि राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत आपल्याच देशात जन्मलेले पुष्कळ होते. काहींना बाहेर पडायला १९६७ उजाडलं. त्यांनी तिथे वेळ घालवायला काय काय केलं, त्यांच्या पेट्यांत आज काय आहे, ते आपल्यापैकी कुणी जाऊन विचारलेलं मी ऐकलं नाही.

ईटन यांना मिळालेल्या वस्तूंचं पुढे काय झालं? ते १९६२ मध्ये वारले. संग्रह त्यांच्या मुलीकडे, तिच्याकडून एका परिचित कुटुंबाकडे गेला. एप्रिल २०१५ मध्ये न्यू जर्सीत त्या साडेचारशे वस्तूंचा लिलाव जाहीर झाला. कोरीव काम, दागिने, चित्रं, फोटो, बराकीच्या दारावर लावलेल्या नावाच्या पाट्या. पाट्यांवर कुणाचं तरी आडनाव, आणि त्या आडनावाची माणसं अजून जिवंत. आमच्या आजोबांनी भेट दिलेली वस्तू तुम्ही विकता कशी, असा गदारोळ देशभर उठला. लिलाव ऐनवेळी थांबवावा लागला. स्टार ट्रेक मालिकेमुळे जगभर माहीत झालेले अभिनेते जॉर्ज टाकेई, ज्यांचं बालपण अशाच छावण्यांत गेलं, ते मध्ये पडले. मे महिन्यात संग्रह लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन संग्रहालयात गेला. क्लाराबाईंना आलेली मुलांची पत्रंही तिथेच आहेत.

सर्वांनीच पक्षी पेटीत ठेवले असं मात्र नाही. पोस्टनमध्ये ही कला शिकलेलं टाकाहाशी नावाचं एक जोडपं बाहेर आल्यावरही पक्षी करत राहिलं. पुढची कित्येक वर्षं. त्यांचे पक्षी आज जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांच्या आडनावाने ओळखतात. पण अशी नावानिशी ओळख फार थोड्यांच्या वाट्याला आली. बाकीच्यांच्या पक्ष्यांवर सही नसते. भेट द्यायच्या वस्तूवर सही कोण करतं?

२०१८ पासून लॉस एंजेलिसच्या त्या संग्रहालयाने ईटन संग्रहातल्या वस्तू आणि छायाचित्रं गावोगाव फिरवली. येणाऱ्यांना एकच विनंती होती, कुणी ओळखीचं दिसलं तर सांगा. नव्वदीतल्या बाया चष्मा पुसून फोटोंतले चेहरे न्याहाळायच्या, आणि हातातल्या कागदावर कधी एखादं नाव लिहून द्यायच्या.